आरव्हीतील शॉवरच्या निचऱ्याची गळती: ती परत परत का होते आणि कायमची कशी थांबवावी

मिशिगनच्या उत्तर भागातील एका सहलीहून परतल्यावर आमच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात (आरव्हीत), न्हाणीघराच्या दाराशी असलेली व्हिनाइलची जमीन तळव्याला किंचित मऊ लागली. वर पाणी साचलेले नव्हते आणि डागही नव्हता. पाऊल ठेवले की जमीन कणभर दबत होती, आणि सिंकखालचे कपाट उघडल्यावर पावसाळाभर बंद राहिलेल्या घराला असतो तसा कुबट वास येत होता. शॉवरच्या तळाशी असलेली फळी काढून पाहिली, तेव्हा निचऱ्याच्या जाळीखालचा चेकनट, म्हणजे जाळी खालून आवळून धरणारा रुंद नट, ओला सापडला. तो मी आवळला, वरून जाळीच्या कडेने सिलिकॉन फिरवले आणि काम झाले असे समजलो. पुढच्या सहलीनंतर तीच ओल परत दिसली. दुसऱ्यांदा रबरी वॉशर बदलला, तिसऱ्यांदा जाळीच नवी आणून बसवली. दोन हंगामांत तीन दुरुस्त्या झाल्या आणि तिन्ही वेळा पाणी त्याच जागी आले.

चौथ्या वेळी लक्षात आले की माझे सगळे लक्ष जोडावर होते आणि दोष जोडाच्या भोवती होता. जोड गळतो म्हणून आपण जोड दुरुस्त करतो. परंतु आरव्हीमध्ये तो जोड ज्या पातळ प्लास्टिकच्या पॅनला, म्हणजे शॉवरच्या ताटासारख्या तळाला, बसवलेला असतो, तो पॅनच आंघोळ करणाऱ्याच्या पायाखाली खाली-वर होत असेल, तर कितीही चांगला वॉशर आणि कितीही महागडे सिलिकॉन काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. त्यामुळे या लेखात आधी पॅनला आधार देणे आणि मग जोड बंद करणे, हा क्रम मी आग्रहाने मांडणार आहे. अमेरिकेत ट्रेलर किंवा मोटारहोम बाळगणाऱ्या मराठी कुटुंबांची ही अडचण आता नवी राहिलेली नाही, आणि विक्रेत्याच्या कार्यशाळेत ऐन उन्हाळ्यात गाडी देऊन आठवडेच्या आठवडे वाट पाहण्यापेक्षा हे काम स्वतः करणे बहुतेकांना जमण्यासारखे आहे.

शॉवरखाली नेमके काय असते

महाराष्ट्रातील घरात वाढलेल्या माणसाच्या मनात मोरीचे एक चित्र पक्के असते. स्लॅबमध्ये नहाणी ट्रॅप पुरलेला असतो, त्याच्याभोवती काँक्रीट असते, वर कोबा आणि फरशी असते. तिथे गळती झाली तर ती फरशीच्या सांध्यांतून किंवा ट्रॅपच्या गळ्याशी होते, पण ट्रॅप आणि फरशी एकमेकांपासून हलण्याचा प्रश्न येत नाही, कारण सगळेच एका जड वस्तुमानात बसलेले असते. आरव्हीची रचना याच्या अगदी उलट आहे. अमेरिकेतील बहुसंख्य आरव्ही इंडियाना राज्यातील एल्खार्टच्या परिसरात तयार होतात, आणि पिकअप ट्रकला ओढता यावे म्हणून त्यांत प्रत्येक किलो वजन वाचवलेले असते. शॉवर पॅन एबीएस प्लास्टिकचा किंवा फायबरग्लासचा एक पातळ पत्रा असतो. तो लाकडी चौकटीच्या कडांवर टेकलेला असतो आणि मधल्या भागाखाली, म्हणजे जिथे आपण उभे राहतो आणि जिथे निचऱ्याचे छिद्र असते तिथे, अनेकदा केवळ पोकळी असते.

त्या छिद्रात जाळीचा तुकडा बसतो, ज्याला आपल्याकडचे प्लंबर वेस्ट कपलिंग म्हणतात. त्याची रुंद कड पॅनच्या वर राहते आणि आटे असलेला भाग खाली उतरतो. खालून क्रमाने रबरी वॉशर, त्यानंतर कागदी किंवा फायबरचा गुळगुळीत वॉशर आणि शेवटी चेकनट येतो. कागदी वॉशर पुष्कळ जण निरुपयोगी समजून फेकून देतात, पण नट फिरताना त्याने रबराला सोबत पिळू नये यासाठीच तो असतो. पुढे दीड इंची, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटरचा, काळा एबीएस पाइप, एक पी-ट्रॅप (वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) आणि मग ग्रे टँक, म्हणजे आंघोळीचे आणि सिंकचे सांडपाणी साठवणारी टाकी. जमिनीखाली ट्रॅपपुरती उंची नसेल तर काही गाड्यांत पाण्याचा ट्रॅप न देता हेपव्हो प्रकारचा आडवा व्हॉल्व्ह बसवलेला असतो, ज्याच्या आत सिलिकॉनचा पडदा पाणी जाऊ देतो आणि वास परत येऊ देत नाही.

आता या सगळ्याचा एकत्र विचार करावा. पाइप आणि ट्रॅप खालच्या चौकटीला किंवा टाकीला घट्ट बांधलेले आहेत, पॅन वरून दबतो आहे, आणि या दोघांच्या मधोमध रबराचा एकच वॉशर आहे. प्रत्येक आंघोळीत त्या वॉशरला शेकडो बारीक हिसके बसतात. त्यात रस्त्याची भर पडते. मिशिगनमध्ये थंडीत गोठून आणि वसंतात वितळून रस्त्यांना जे खड्डे पडतात, त्यांवरून काही तास ट्रेलर ओढला की न चिकटवलेला चेकनट पाव वळसा सैल झालेला दिसण्यात आश्चर्य नाही.

पाना हाती घेण्यापूर्वी

माझी सर्वांत मोठी चूक म्हणजे ओला नट दिसताच मी तो आवळला. आवळल्यामुळे पुरावा नाहीसा झाला आणि पाणी नेमके कोणत्या प्रसंगी येते हे कळायचे राहून गेले. गळती कुठून होते याआधी ती कधी होते हे पाहिले, तर निम्मे निदान तिथेच होते.

सुरुवातीला खालची पोकळी उघडी करावी. काही गाड्यांत शॉवरच्या पायथ्याशी स्टेपल मारलेली किंवा चौकोनी खाचेच्या स्क्रूंनी बसवलेली फळी असते. त्या स्क्रूंना क्रमांक दोनचा चौकोनी बिट लागतो, तो आधीच जवळ ठेवावा. काहींमध्ये बाहेरच्या सामानाच्या कप्प्यातून हात जातो, आणि काहींमध्ये गाडीच्या पोटाखालचा पन्हळी प्लास्टिकचा पत्रा कापण्यावाचून इलाज नसतो. कापताना पाते अर्ध्या इंचाहून खोल जाऊ देऊ नये, कारण त्याच पोकळीतून विजेच्या तारा आणि कधी प्रोपेन गॅसची नळीही गेलेली असते. काम सुरू करण्यापूर्वी बाहेरून येणारी वीज बंद करून बॅटरीही सोडवावी, आणि हातमोजे घालावेत, कारण ग्रे टँकचे पाणी साबणाचे असले तरी स्वच्छ नसते.

मग सगळे कोरडे पुसून चेकनटभोवती, ट्रॅपच्या प्रत्येक नटाभोवती आणि पाइपच्या प्रत्येक जोडाखाली टॉयलेट पेपरचे तुकडे गुंडाळावेत. पातळ कागदावर पाण्याचा एक थेंबही लगेच दिसतो, बोटाला तो कळतही नाही. वर निचऱ्याला रबरी बूच लावून पॅनमध्ये दोन इंच पाणी भरावे आणि त्यात खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकावेत. २४ बाय ३६ इंचांच्या पॅनमध्ये एवढे पाणी म्हणजे सुमारे २८ लिटर होते. अर्धा तास काहीही न करता वाट पाहावी. या वेळात कागद रंगला, तर पाणी जाळीच्या कडेखालून किंवा पॅनच्या एखाद्या तड्यातून येते आहे, कारण बूच लावलेले असताना पाणी पाइपात उतरलेलेच नाही. कागद कोरडा राहिला तर बूच काढून सगळे पाणी एकदम सोडावे. आता ओला होणारा कागद ट्रॅपचा किंवा पाइपचा दोष दाखवतो.

आमच्या बाबतीत दोन्ही वेळा कागद कोरडाच राहिला, आणि म्हणूनच तीन दुरुस्त्यांनंतर प्रत्येक वेळी मला काम फत्ते झाल्यासारखे वाटले होते. तिसरी चाचणी मी कधी केलीच नव्हती. तीत पॅनमध्ये पाणी असतानाच एक माणूस आत उभा राहतो. माझी पत्नी पॅनमध्ये उभी राहिली आणि मी टॉर्च घेऊन खाली आडवा पडलो. ती जाळीच्या मागे, भिंतीच्या बाजूला वजन टाकून उभी होती तोवर काही दिसले नाही. तिने नळ बंद करण्यासाठी झुकल्यासारखे करून पुढच्या पायावर भार दिला, आणि जाळीच्या खालच्या वॉशरची एक कड पॅनपासून नखाच्या जाडीएवढी सुटलेली दिसली. त्या फटीत निळ्या पाण्याचा एक मणी फुगला, नटाच्या कडेवरून घरंगळला आणि कागदावर पसरला. वरून "आता?" असा प्रश्न आला. "थांब, तशीच उभी राहा," असे मी म्हणेपर्यंत तिने पाय उचलला होता आणि फट मिटली होती. कागदावर तेवढा एक निळा ठिपका उरला. २८ लिटर पाणी पॅनवर सर्वत्र सारखे दाबते, पण माणसाचे सारे वजन जाळीशेजारच्या एका टाचेवर येते, हा फरक त्या ठिपक्याने समजावून दिला.

ही चाचणी करताना उभे राहणाऱ्याने शॉवरमध्ये आपण जसे वावरतो तसेच वावरावे: वळावे, साबण घेण्यासाठी वाकावे, एका पायावर उभे राहावे. वर कोपऱ्यातील सिलिकॉनच्या रेषा करकरत असतील किंवा पॅनमधून टक् असा आवाज येत असेल, तर खाली आधार नाही हे तिथेच सिद्ध होते.

गळती वाटते, पण निचऱ्याची नसते

जाळी उतरवण्याआधी काही शक्यता बाजूला काढाव्या लागतात, आणि त्यांतील पहिली शक्यता नळाच्या पाण्याची आहे. शॉवर न वापरताही ओल वाढत असेल, तर निचऱ्याचा संबंध नाही. गाडीतील पाण्याचा पंप चालू ठेवून सगळे नळ बंद करावेत आणि शांतपणे ऐकावे. पंप मधूनच दोन सेकंद वाजून थांबत असेल, तर दाबाखालचे पाणी कुठेतरी सुटते आहे आणि शॉवरच्या मिक्सरमागील पेक्स नळीचे (नळाच्या पाण्याच्या लवचीक प्लास्टिक नळीचे) जोड तपासायला हवेत. मात्र पंपाच्या आतील झडप झिजली असली तरी तो असाच वाजतो, म्हणून जोड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

दुसरी शक्यता पुष्कळांना फसवते. ग्रे टँक भरली की पाणी सर्वांत खालच्या निचऱ्यातून वर चढते, आणि आरव्हीत ते ठिकाण म्हणजे शॉवर. टाकी ३० गॅलनची, म्हणजे सुमारे ११४ लिटरची असेल आणि शॉवरमधून मिनिटाला दोन गॅलन पाणी येत असेल, तर पंधरा मिनिटांत ती भरते. चौघांचे कुटुंब असेल तर हे एका सकाळीच घडते. एरवी ज्या जोडांतून पाणी फक्त वाहून जाते, त्यांत अशा वेळी ते तुंबून राहते आणि एरवी न गळणारे जोडही पाझरतात. टाकीच्या सेन्सरवर विसंबू नये. साबणाचा आणि तेलाचा थर बसला की ते रिकामी टाकीही भरलेली आणि भरलेली टाकीही अर्धी दाखवतात.

तिसरी शक्यता दाराच्या चौकटीची. ट्रेलर समपातळीत उभा नसेल तर पाणी निचऱ्याकडे न जाता एका कोपऱ्यात साचते आणि दाराच्या पन्हळीवरून बाहेर येते. हातातील शॉवरचा झोत एकेका भिंतीवर दोन-दोन मिनिटे मारून, निचरा मोकळा ठेवून पाहिल्यास हे लगेच उघड होते.

आधार आधी, जोड नंतर

आता मुख्य कामाकडे वळतो. ट्रॅपचे नट सोडवून तो बाजूला करावा, खाली बादली असावी. चेकनट सोडवताना वरची जाळी फिरू नये म्हणून तिच्या खाचांत दोन स्क्रूड्रायव्हर उभे धरून कुणीतरी पकडून ठेवावी. जाळी निघाली की पॅनच्या छिद्राची कड बोटाने चाचपावी. तिथून केसासारखा तडा निघालेला असेल, तर नव्या वॉशरने काहीच साधणार नाही. असा तडा आणखी वाढू नये म्हणून त्याच्या टोकाशी सुमारे ३ मिलिमीटरचे बारीक छिद्र पाडावे, आणि पॅन एबीएसचा असेल तर एबीएसचे, फायबरग्लासचा असेल तर रेझिन आणि काचकापडाचे ठिगळ खालच्या बाजूने लावावे. तडा दोन-तीन इंचांहून लांब असेल तर माझ्या मते पॅन बदलणेच शहाणपणाचे आहे.

जुने सिलिकॉन पूर्ण काढावे लागते, आणि या कामातील सर्वांत कंटाळवाणा पण सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. नवे सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरत नाही. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पृष्ठभाग असा व्हावा की बोट फिरवले असता तो अडखळलाही नाही पाहिजे आणि निसटलाही नाही पाहिजे. धातूचे पाते वापरल्यास एबीएसवर ओरखडे पडतात आणि पुढे पाणी त्याच ओरखड्यांतून वाट काढते.

पॅनच्या आधारासाठी तीन मार्ग प्रचलित आहेत. पॅन बाहेर काढलेलाच असेल तर त्याच्याखाली मॉर्टरचा, म्हणजे सिमेंट-वाळूचा, थर देणे सर्वांत भक्कम, पण त्याचे वजन गाडीला कायमचे वाहावे लागते, म्हणून ट्रेलरमध्ये मी ते करणार नाही. हात पोहोचत असेल तर कडक निळ्या किंवा गुलाबी फोमच्या पाट्या कापून, पॅनच्या उताराप्रमाणे तासून खाली बसवाव्यात. त्यांना लावायचा डिंक फोमला चालणारा आहे हे डब्यावर पाहूनच घ्यावा, कारण काही डिंकांतील द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवून टाकतो. जिथे हात पोहोचत नाही तिथे खिडक्या-दारांसाठी मिळणारा, कमी फुगणारा फवाऱ्याचा फोम वापरता येतो. भेगा भरायचा साधा फोम इथे कटाक्षाने टाळावा. तो फुगताना पॅन वर उचलतो, आणि एकदा पॅनचा उतार बिघडला की पाणी निचऱ्याकडे जाणेच थांबते. कमी फुगणारा फोमही थोडा थोडा, थरांनी भरावा.

फोम वाळेपर्यंत पॅन जागेवर दाबलेला राहावा यासाठी चाचणीसाठी वापरलेली तीच युक्ती उपयोगी पडते. जाळी तात्पुरती कोरडीच बसवून, बूच लावून पॅनमध्ये दोन इंच पाणी भरून ठेवले की २८ किलोचे वजन अगदी समान पसरते. जाळी गळत असेल तर त्याऐवजी पाण्याचे बंद कॅन ठेवावेत. चेकनट आणि ट्रॅप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याभोवती किमान चार इंच जागा मोकळी सोडावी. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी हे केले नाही. फोमने नटच गिळला आणि पुढची दुरुस्ती करताना त्यांना तो करवतीने कापून काढावा लागला. दुसऱ्या दिवशी पाणी काढून पॅनवर चालून पाहावे. पाय टेकवल्यावर पॅन फरशीसारखा निश्चल लागला पाहिजे. तसा लागत नसेल तर जाळी बसवण्याची घाई करू नये.

जाळी बसवताना इथल्या दुकानांत सहज मिळणारी प्लंबरची पुटी वापरू नये. तिच्यातील तेल एबीएस प्लास्टिकला कालांतराने ठिसूळ करून तडे पाडू शकते. शंभर टक्के सिलिकॉनची एक अखंड रेघ जाळीच्या वरच्या कडेच्या खालच्या अंगाला द्यावी, आणि खालचा रबरी वॉशर कोराच ठेवावा. त्याला सिलिकॉन लावले तर नट आवळताना रबर घसरून एका बाजूने बाहेर येते. आपल्याकडची आणखी एक सवय इथे सोडावी लागते. आट्यांना टेफ्लॉन टेप, किंवा जुन्या पद्धतीने सूत आणि सफेदा गुंडाळल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. पण या जोडात पाणी आट्यांनी अडत नाही, ते रबराने अडते. टेपमुळे नट प्रमाणाबाहेर सहज फिरतो आणि प्लास्टिकची कड चिरते. हाताने जितका फिरेल तितका फिरवावा आणि मग पान्याने फक्त पाव वळसा द्यावा. वरून बाहेर आलेले सिलिकॉन लगेच पुसून २४ तास पाणी लागू देऊ नये. शेवटी नट आणि त्याला लागून असलेल्या पॅनच्या तळावर न पुसल्या जाणाऱ्या पेनाने एक सलग रेघ ओढावी. पुढे कधीही टॉर्च मारली की नट फिरला आहे की नाही हे ती रेघ तुटली आहे का यावरून एका क्षणात कळते.

ट्रॅप आणि पुढचा पाइप

पाणी सोडल्यावरच कागद ओला होत असेल तर दोष इथे आहे. ट्रॅपच्या सरकत्या नटातील वॉशरची एक बाजू निमुळती असते. ती ट्रॅपच्या तोंडाकडे आणि सपाट बाजू नटाकडे हवी. उलटा बसलेला वॉशर काही दिवस चालतो आणि मग गळतो. एबीएसच्या पाइपांचे पक्के जोड नुसते एकमेकांत सरकवलेले आणि सोल्युशन न लावलेले सापडणे दुर्मीळ नाही, म्हणून प्रत्येक जोड हाताने हलवून पाहावा. काळ्या एबीएसला पांढरा पीव्हीसी जोडायचा असेल तर त्यासाठी वेगळे संक्रमण सोल्युशन मिळते, तेच वापरावे. पाइप टाकीकडे जाताना मध्ये लोंबकळत असेल तर त्याचे वजन थेट जाळीवर येते. छिद्रांच्या पट्टीने तो चौकटीला बांधावा, मात्र इतका आवळू नये की त्याला तसूभरही हालता येणार नाही.

हेपव्हो व्हॉल्व्ह असेल तर त्यावरील बाण पाण्याच्या दिशेला आहे का ते पाहावे आणि तुंबले असता त्यात तार घालू नये, आतला पडदा फाटू शकतो. केसांचा गुंता वरूनच प्लास्टिकच्या दातेरी पट्टीने ओढून काढावा. निचरा मोकळा करणारी तीव्र रसायने आरव्हीत वापरूच नयेत; ती रबराला, टाकीच्या झडपेला आणि हाताळणाऱ्यालाही घातक आहेत.

भिजलेली जमीन

गळती थांबली तरी पाणी गेलेले नसते. गाडीच्या पोटाखालचा प्लास्टिकचा पत्रा पखालीसारखे पाणी धरून ठेवतो आणि वरचे इन्सुलेशन ते शोषून घेते. पत्र्याचा सर्वांत लोंबणारा भाग शोधून तिथे छोटी चीर द्यावी, पाणी निथळू द्यावे आणि ओले इन्सुलेशन काढून टाकावे. ते वाळवून परत वापरण्याच्या भानगडीत पडू नये. जमिनीखालच्या फळीत ओलावा मोजण्याचे साधन टोचून पाहिले असता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आकडा येत असेल, तर ती कुजण्याच्या वाटेवर आहे. पंखा आणि डीह्युमिडिफायर लावून तो १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत मी काहीच बंद केले नाही, आणि त्याला नऊ दिवस लागले. चिपांच्या दाबलेल्या फळीच्या कडा एकदा फुगल्या की त्या पूर्ववत होत नाहीत. स्क्रूड्रायव्हरचे टोक हलक्या दाबाने आत जात असेल तर तेवढा भाग कापून प्लायवूड बसवावे. वरून रेझिन ओतून मऊ लाकूड टणक करण्याचा मोह होतो, पण ज्या फळीवर पॅनची चौकट उभी आहे तिथे तो मोह घातक ठरतो, कारण तिथली फळी खचली की पॅन पुन्हा हलू लागतो.

हिवाळा आणि प्रवास

उत्तरेकडील राज्यांत राहणाऱ्यांनी ट्रॅपमधील पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि ट्रॅपचा वाकलेला भाग उकलतो. वसंतात पहिल्या आंघोळीला अचानक सुरू होणारी गळती बहुधा हीच असते. गाडी बंद करताना प्रत्येक ट्रॅपमध्ये साधारण दोन कप गुलाबी, प्रोपिलिन ग्लायकोलचे आरव्ही अँटिफ्रीझ ओतावे. मोटारीच्या इंजिनात घालायचे इथिलिन ग्लायकोल विषारी असते, ते इथे कधीही वापरू नये. हेपव्होमध्ये पाणी साठत नसले तरी त्याच्या पुढचा पाइप लोंबकळत असेल तर त्यात पाणी राहतेच.

प्रवासात ग्रे टँक शक्यतो रिकामी करूनच निघावे. भरलेली टाकी हेलकावे घेते तेव्हा तिचा धक्का पाइपातून वर जाळीपर्यंत पोहोचतो. मुक्कामी पोहोचल्यावर गाडी समपातळीत आणल्याशिवाय शॉवर सुरू करू नये. आंघोळीच्या वेळी लहान मुलांना पॅनमध्ये उड्या मारू देऊ नयेत, हे सांगताना वाईट वाटते, पण आधार दिलेल्या पॅनलाही मर्यादा असते.

चौथ्या दुरुस्तीच्या वेळी शॉवरच्या पायथ्याची स्टेपल मारलेली फळी मी परत ठोकली नाही. तिला दोन बिजागऱ्या आणि एक चुंबकी खिटी लावून दार केले आहे. आता प्रत्येक सहलीच्या आधी आणि नंतर ते उघडून टॉर्च मारतो, नटावरची रेघ पाहतो आणि कागदाचा एक कोरा तुकडा नटाखाली दोन मिनिटे धरून ठेवतो. गेल्या उन्हाळ्यात मिशिगनमधील मॅकिनॉ पुलापलीकडच्या तीन सहलींनंतरही ती रेघ एकसंध होती आणि कागद कोरडा होता.